तलंगेच्या मागून लाल गोळा बाहेर आलाय? आधी तिला वेगळी काढा, मग बाकीचं

जून-जुलै आला की हा फोन ठरलेलाच, "जिभाऊ, कोंबडीनं आतडं बाहेर ई गयं, काय करानं आते?" आणि दहातल्या आठ-नऊ वेळा ते आतडं नसतंच. कोंबडी अंडं टाकते तेव्हा अंडनलिकेचं शेवटचं टोक उलटं होऊन मागच्या तोंडातून थोडा वेळ बाहेर येतंच, अंड्याला आतली घाण लागू नये म्हणून निसर्गाची ती सोय आहे, अंडं पडलं की ते आपोआप आत जातं. पहिलटकर तलंगेत, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीत, कधीकधी ते आत जात नाही, बाहेरच लोंबतं, सुजतं, सुजल्यामुळे अजूनच आत जात नाही. पोल्ट्रीवाले ह्याला प्रोलॅप्स म्हणतात, आपल्याकडे म्हणतात अंग बाहेर आलं.

आता पहिलं काम. औषध शोधू नका, दुकानात पळू नका, गुगल करू नका, आधी ती तलंग उचला आणि बाकीच्यांपासून लांब न्या. कोंबड्यांना लाल आणि ओलं काही दिसलं की चोच मारल्याशिवाय राहवत नाही, एकीनं मारली की रक्त येतं, रक्त आलं की सगळ्या तुटून पडतात आणि मग खरंच आतडी ओढून काढतात. प्रोलॅप्सनं मरणाऱ्या कोंबड्यांपैकी कितीतरी प्रोलॅप्सनं मरतच नाहीत, त्यांना बाकीच्या कोंबड्या खातात. म्हणून सकाळी दिसलं आणि "शेतातून आल्यावर बघू" म्हटलं तर संध्याकाळी बघायला काही उरत नाही.

खोकं घ्या, डालं घ्या, जे असेल ते. खाली कोरडा स्वच्छ कपडा किंवा जुनी साडी, भुसा नको, तुसं नको, ती ओल्या मांसाला चिकटतात. अंधार करा. पाणी ठेवा. मग शांतपणे बघा काय झालंय ते.

बघायचं काय तर रंग. गुलाबी किंवा लालभडक, ओलं, चकाकणारं असेल तर मांस जिवंत आहे, चान्स चांगला आहे. वाळल्यासारखं, गडद जांभळं होत चाललं असेल तर उशीर झालाय पण प्रयत्न करण्यासारखं आहे. काळं पडलंय, वास मारतोय, किंवा लांब दोरीसारखी आतडी खरोखर बाहेर आहेत, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टर जवळ असेल तर दाखवा, नसेल तर तिला त्रासातून लवकर मोकळं करा, हे ऐकायला वाईट वाटतं पण दोन दिवस तडफडू देणं जास्त वाईट.

दुसरं बघायचं, आत अंडं अडकलंय का. गोळ्याच्या मधोमध कधी पांढरं टरफल दिसतं, कधी दिसत नाही पण बोटाला टणक लागतं. अंडं असेल तर ते निघाल्याशिवाय काही आत ढकलायचं नाही, हे लक्षात ठेवा, खाली ह्याच्यावर लिहिलंय.

सामान फार लागत नाही. कोमट पाणी, मीठ, साखर, पोव्हिडोन आयोडीन म्हणजे मेडिकलवर मिळतं ते बीटाडीन, रबरी हातमोजे, व्हॅसलीन किंवा मेडिकलवर मिळणारी पाण्यातली जेली, दोन मऊ कपडे, आणि धरायला एक माणूस. एकट्यानं होतं पण कोंबडी फडफडली की काम बिघडतं. नखं कापून घ्या, मोजे असले तरी कापा, ते मांस इतकं नाजूक असतं की नखानं सहज फाटतं.

धरणाऱ्याला आधी समजावून सांगा. जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळायची, डोकं काखेकडे, शेपूट तुमच्याकडे आणि किंचित वर. छाती दाबायची नाही. कोंबडीला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, ती छातीचं हाड हलवून श्वास घेते, त्यामुळे घट्ट आवळली तर तुमच्या हातात गुदमरून मरेल आणि तुम्हाला वाटेल प्रोलॅप्सनं गेली. पायाला धरून उलटी तर लटकवायचीच नाही, बाजारात धरतात तशी.

धुण्यासाठी अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, चमचा सपाट घ्यायचा, भरगच्च नाही. कोंबडीचं अंग ४१ ते ४२ डिग्री असतं, म्हणजे आपल्याला कोमट लागणारं पाणी तिला चालतं, गार पाण्यानं मात्र ती दचकते आणि अजून जोर लावते. पाणी वरून हळूहळू सोडायचं, घासायचं नाही. चिकटलेली विष्ठा, पिसं, माती पाण्यानं सुटू द्या. आजूबाजूची घाण झालेली पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. मग बीटाडीनचे थोडे थेंब पाण्यात टाकून फिक्या चहाच्या रंगाचं पाणी करा आणि त्यानं एकदा धुवा.

इथं एक थांबून सांगतो कारण गावात हेच जास्त होतं. हळद भरू नका, चुना नाही, तंबाखू नाही, डेटॉल-फिनाईल नाही, जखमेवरचा जांभळा स्प्रे आतल्या मांसावर नाही. हळद बोट कापल्यावर ठीक असेल, पण हा कातडीचा भाग नाही, हा आतला ओला पडदा आहे, त्याच्यावर कोरडी पूड बसली की तो वाळतो आणि चिरतो. आणि व्हिडिओत सांगतात ते मूळव्याधीचं मलम, त्याच्याबद्दल सावध राहा. परदेशातले लोक सुज उतरायला वापरतात ते मलम वेगळं, आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये लिग्नोकेन असतं, म्हणजे बधिर करायचं औषध, आणि पक्ष्यांना ते माणसापेक्षा फार कमी मात्रेतही बाधतं. ट्यूबवर मागे वाचा, लिग्नोकेन किंवा शेवटी केन असलेलं काही दिसलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका.

सुज उतरायला साखर. हो, घरातलीच. बारीक दळलेली साखर थोड्या पाण्यात कालवून जाडसर लगदा करा आणि गोळ्यावर लावा, नाहीतर मध लावा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. साखर मांसातलं पाणी ओढून घेते आणि गोळा बघता बघता आकसतो, गाई-म्हशींचं अंग बाहेर येतं तेव्हाही डॉक्टर हीच युक्ती करतात. मग मिठाच्या पाण्यानं साखर पूर्ण धुऊन काढा. साखर राहिली तर मुंग्या आणि माश्या, आणि पावसाळ्यात माशी बसली म्हणजे अळ्या झाल्याच समजा.

आता आत घालणं. मोज्यांना आणि गोळ्याला भरपूर जेली लावा. जोर लावायचा नाही, दाब ठेवायचा, ह्यात फरक आहे. सगळ्यात शेवटी बाहेर आलेला भाग म्हणजे गोळ्याचं मधलं टोक, ते आधी आत जायला पाहिजे. मधे बोट ठेवून हळू आत सरकवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडा गोळा करत या. कोंबडी कण्हली, जोर लावला की तुम्ही थांबा, फक्त धरून ठेवा, ती सैल झाली की पुढे. एकदा आत गेलं की बोट लगेच काढू नका, तीन-चार मिनिटं वरून हलका दाब ठेवून बसा. घाई केली की लगेच परत बाहेर येतं. आलं तर परत धुवा, परत घाला. पहिल्या दिवशी दोन-तीनदा बाहेर येणं नवीन नाही, घाबरू नका.

अंडं अडकलेलं असेल तर आधी तिला कोमट पाण्याच्या टपात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, डोकं आणि पाठ वर. सैल पडते. मग अंड्याच्या सगळ्या बाजूनं जेली, आणि बाहेरून पोटावर अगदी हळू मागच्या दिशेनं आधार देत तिला स्वतःलाच टाकू द्या. दाबून फोडायचं नाही. टरफलाचे तुकडे आत कापतात आणि आतला बलक पोटात सांडला तर पू होतो. अर्ध्या-एक तासात निघालं नाही तर डॉक्टर, ते सुईनं अंड्यातलं ओढून घेऊन टरफल आकसवून काढू शकतात, आपण घरी हा प्रयोग करायचा नाही.

डॉक्टर कधी बोलवायचा हेही सांगतो. मांस फाटलंय, रक्त थांबत नाही, अंडं निघत नाही, काळपट भाग आहे, किंवा दोन दिवस घालूनही परत बाहेर येतंय. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडी घेऊन जायची लाज वाटते बऱ्याच जणांना, एका कोंबडीसाठी काय जायचं, पण तलंग चार-पाच महिने दाणा खाऊन आता कुठं अंड्यावर आलीय, हिशोब करून बघा. १९६२ ह्या टोल फ्री नंबरवर पण विचारता येतं. डॉक्टर मागच्या तोंडाला बटव्याच्या नाडीसारखा टाका घालतात, विष्ठा जाईल एवढी जागा ठेवून, आणि काही दिवसांनी काढतात. सुई-दोरा घेऊन हे घरी करणारे आहेत, करू नका, जागा कमी राहिली तर घाण आत साठून कोंबडी मरते आणि जास्त राहिली तर टाक्याचा उपयोग नाही. अँटिबायोटिक पण त्यांनाच ठरवू द्या. शेजाऱ्याकडे उरलेली पावडर पाण्यात टाकणं बंद करा, आणि औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस त्या कोंबडीची अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच.

आता जो भाग सगळे विसरतात. आत ढकलणं हे अर्धं काम पण नाही. उद्या तिनं परत अंडं टाकलं की परत तेच होणार, सुजलेल्या जागेतून परत अंडं. म्हणून खरा इलाज म्हणजे आठ-दहा दिवस तिला अंडं घालू न देणं. औषधानं नाही, उजेडानं आणि खाण्यानं.

कोंबडी अंडं घालते ती दिवस मोठा असला की. तुम्ही तिला रोज आठ तासच उजेड द्या, बाकी सोळा तास अंधार. सकाळी नऊला खोक्यावरचं पोतं काढा, संध्याकाळी पाचला टाका, झालं. हवा खेळती पाहिजे हं, गोणपाट चालतं, प्लास्टिकचा कागद नाही. आपल्या खान्देशात मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे ४५ च्या आसपास पारा जातो, तेव्हा पत्र्याखाली बंद खोक्यात कोंबडी ठेवली तर उष्माघातानंच जाईल. केळीच्या बागेत, नाहीतर घरात माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा.

खाणं पण हलकं करा. लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, ह्या दिवसांत बंद, त्यातल्या प्रोटीननं अंडं बनत राहतं. थोडी बाजरी, दादर ज्वारीचे दाणे, हिरवा लसूणघास किंवा मेथी, बस. पोटभर नको पण उपाशी पण नको. पाणी कधीच तोडायचं नाही, काही लोक अंडं थांबवायला पाणी तोडतात, विष्ठा घट्ट होते, ती कुंथते, आणि घातलेलं सगळं परत बाहेर. पाण्यात इलेक्ट्रोलाइट पावडर चालेल, नसेल तर चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा एक-दोन दिवस.

लगेच थांबेल असं समजू नका. एक अंडं बनायला साधारण २५ तास लागतात, त्यातले जवळपास २० तास ते टरफल चढण्यात जातात, म्हणजे तुम्ही अंधार केला त्या दिवशीचं अंडं तर आत तयारच असतं, मागून येणारे बलक पण रांगेत असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत अंडं येऊ शकतं. म्हणून त्या दिवसांत सकाळी लक्ष ठेवा, अंडं पडलं आणि अंग बाहेर राहिलं तर लगेच धुवून घाला.

सकाळ-संध्याकाळ मागचं बघा. कपडा रोज बदला. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड टाका, पाऊस चालू असेल तर हे पहिलं काम, पोळ्यापर्यंत आपल्याकडे माश्या किती असतात ते माहितीच आहे. विष्ठा होतेय का, ती खातेय का, तुरा लाल आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. गुंगल्यासारखी, डोळे मिटून, पिसं फुलवून बसलेली दिसली तर आत इन्फेक्शन झालंय, वाट बघू नका.

सुज पूर्ण गेली, लाली गेली, तीन-चार दिवस काही बाहेर आलं नाही, मग हळूहळू उजेड वाढवा आणि मॅश परत चालू करा. कळपात रात्री सोडा, सगळ्या बसल्यावर, सकाळी उठल्यावर त्यांना ती कालचीच वाटते, दिवसा सोडली तर भांडण ठरलेलं. मागे जरा जरी लाल असेल तर अजून थांबा.

परत होतं का? होतं. एकदा झालेल्या कोंबडीला परत होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्तच. एकदा मनापासून प्रयत्न करा, दुसऱ्यांदा झालं तरी करा, तिसऱ्यांदा झालं तर तिला ह्या फेऱ्यातून काढा असं माझं मत. आणि तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. औषध दिलेली कोंबडी कापून खाऊ नका, दिलेलं नसेल आणि बाकी धडधाकट असेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

हे मुळात का होतं, ह्याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या घाईतच असतं. तलंग हाडानं अजून तयार नाही आणि अंड्यावर येते, मागच्या हाडांची जागा अरुंद, अंडं मोठं. हात लावून बघता येतं, मागच्या तोंडाजवळ दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्यात एकच बोट बसत असेल तर ती अंड्याला तयार नाही, दोन-तीन बोटं बसली की झाली. गावठी तलंग साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते, गिरीराज-वनराज सारख्या जाती पण पाच-सहा महिने घेतात, केजमधली पांढरी लेयर १८-१९ आठवड्यांत चालू होते पण तिचं तेव्हा वजन सव्वा किलोच्या आसपास असतं आणि खाणं मोजून असतं. आपण परसात त्यांच्यासारखी घाई करतो, त्यांच्यासारखं मोजमाप करत नाही.

घाई कशी होते बघा. मांजर-मुंगसाच्या भीतीनं खुराड्यात रात्रभर बल्ब चालू. तलंगेला वाटतं दिवस संपतच नाही, तिचं शरीर लवकर अंड्याकडे वळतं. मुंगूस येतं तर जाळी नीट लावा, बल्ब हा जाळीचा पर्याय नाही. आपल्याकडे डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये साडेतेराच्या जवळ जातो, म्हणजे थंडीत काढलेली पिल्लं आधीच वाढत्या दिवसात मोठी होतात आणि बरोबर जून-जुलैला अंड्यावर येतात, वर तुम्ही बल्ब लावला तर अजूनच लवकर. हा मोसमाचा फोन त्यामुळेच. बल्ब लावायचाच असेल तर तलंगा चांगल्या भरल्यावर, आठवड्याला अर्धा तास वाढवत, आणि १६ तासांच्या वर कधीच नाही.

दुसरं कारण चरबी आणि कॅल्शियम, आणि ही दोन्ही एकत्र येतात. मका स्वस्त मिळतो म्हणून मका, वर शिळी भाकर, सणाला पुरणपोळीचं उरलेलं. कोंबडी गुबगुबीत दिसते, मालक खूश, पण पोटात चरबीचा थर साचतो आणि अंड्याच्या वाटेला जागाच उरत नाही. एका टरफलात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, मक्यात ते जवळजवळ नाहीच, मग ती हाडातून काढते, हाडं कमजोर, स्नायू सैल, अंडं ढकलायचा आणि परत आत ओढायचा जोरच राहत नाही. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना लेयर मॅश द्या, त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, आणि वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा ठेवा, जिला लागेल ती खाते. अंड्याची टरफलं तव्यावर भाजून बारीक करून पण चालतात. पण हे मॅश लहान पिल्लांना आणि न भरलेल्या तलंगांना नाही, त्यांच्या किडनीला एवढं कॅल्शियम झेपत नाही.

अंडं घालायची जागा अंधारी ठेवा, चार-पाच कोंबड्यांमागे एक खोपा तरी पाहिजे, समोर पोत्याची पट्टी लटकवा. उघड्यावर अंडं टाकणाऱ्या कोंबडीचं ते क्षणभर बाहेर आलेलं लाल मांस बाकीच्यांना दिसतं आणि सवय लागते ती तिथूनच. एकदा एखादीला ही सवय लागली की ती चांगल्या कोंबड्यांचं पण मागचं टोचते, तिला आधी वेगळी काढा.

आणि अंडी गोळा करताना टरफल बघत जा. नव्या तलंगेच्या अंड्यावर रक्ताची एखादी रेघ पहिल्या आठवड्यात दिसते, ते चालतं. रोज दिसायला लागली, किंवा लहानशी तलंग दोन बलकाची मोठमोठी अंडी टाकायला लागली, तर कोणती आहे ते शोधा आणि तिचा उजेड आणि मका आजच कमी करा.

एक मात्र वेगळं सांगतो. प्रोलॅप्स एखाद-दुसरीला होतो. एका-दोन दिवसांत अचानक पाच-सहा कोंबड्या गेल्या, तुरे निळे-जांभळे, तोंडं सुजलेली, तर हे ते नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला, आणि २०२१ ला परत आला, तेव्हा किती पक्षी मारावे लागले ते तिकडच्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा. तसं काही दिसलं तर कोंबड्यांना हात न लावता, कापून न खाता, मेलेली नदी-नाल्यात न टाकता सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.